चाकणपर्यंतची पाहणी

आमच्या भागातून सायकलची मोठी शर्यत जाणार, तिचं आगाऊ वर्णन लिहून पाठवा, असं पुण्याच्या दैनिकानं कळवलं तेव्हाच माझ्या कपाळावर आठी पडली. मी कासारवाडीचा किराणा दुकानदार, उद्धवराव. फावल्या वेळात त्या दैनिकाचा वार्ताहर. विहिरीत म्हैस पडली की दोन ओळी, पुढारी आला की दहा. झालेल्या गोष्टीबद्दल लिहिणं सोपं असतं. जे अजून झालंच नाही त्याबद्दल काय लिहायचं? कोण जिंकेल, कोण मागे पडेल, असलं लिहिणारा एक तर लबाड असतो नाहीतर खुळा, आणि मला दोन्ही व्हायची हौस नव्हती.

सत्तावन्न सालची गोष्ट. ‘गजकेसरी’ नावाच्या सायकल कंपनीनं शर्यत काढली होती. एका दिवसात संपणारी नव्हे, चार टप्प्यांची. पहिल्या दिवशी ठाण्याहून खोपोली. दुसऱ्या दिवशी बोरघाट चढून आमच्या कासारवाडीच्या फाट्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी फाट्यावरून नाशिकच्या रस्त्याला लागायचं आणि भोसरी, मोशी, चाकण, खेड करत नारायणगाव गाठायचं. चौथ्या दिवशी नाशिक. चारही दिवसांचा वेळ एकत्र धरून ज्याचा सगळ्यात कमी भरेल तो पहिला. आणि यात पळणारे हौशी नव्हते, पगारी होते. सायकल चालवायची म्हणून महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो हे ऐकून आमच्याकडचे लोक आधी हसले आणि मग गप्प झाले. कारण त्या वेळी पगार हा शब्द आमच्या पंचक्रोशीत देवासारखा झाला होता.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला तेव्हा विटा-वाळू वाहायला गावोगावची माणसं घेतली. त्यात भोसरीचा ज्योतीराम होता. कारखाना बांधून झाला तशी बांधणारी माणसं बाहेर काढली, आणि आतल्या कामाला मॅट्रिक पास झालेले हवेत असं फाटकावरच सांगितलं. ज्योतीरामला जेमतेम सही येत होती. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरली बहीण कुसुमताई, तिनं त्याला आपल्या सासरी भोसरीला आणून वाढवलं. दाजी बरा माणूस, पण मेव्हणा किती दिवस पोसायचा? ताटात वाढताना कोणी काही बोलत नसे, तरी ज्योतीराम भाकरी मोजून खायचा. माणसाला देव एकच गोष्ट देतो म्हणतात. त्याला पाय दिले होते. भोसरी ते पुणे तो अशा सायकलवर जायचा की जिला घंटा सोडून सगळं वाजत होतं, आणि तरी बसला मागे टाकायचा.

त्याचा जोडीदार वजीर. माझ्या दुकानाच्या शेजारी युनूसचं सायकलचं दुकान, त्याचा हा धाकटा भाऊ. हात सोन्याचा, तोंड मात्र जळतं लाकूड. गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं की आधी त्याची अक्कल काढायचा आणि मग पंक्चर. केसांना तेल थापून भांग पाडल्याशिवाय तो सायकलवर बसत नसे. ज्योतीराम सरळ, वजीर तिरका, पण रोज पहाटे दोघं बरोबर निघायचे, वडगावपर्यंत जाऊन यायचे, आणि येताना शेवटी कोण पुढे होतं यावरून माझ्या दुकानासमोर भांडायचे. वजीरच पुढे असायचा. ज्योतीरामलाही ते ठाऊक होतं.

कंपनीच्या गटात एक जागा रिकामी होती. ती इकडच्या एखाद्या गड्याला द्यायची, म्हणजे रस्ता जाणणारा माणूस मिळेल आणि इकडे सायकलीही खपतील, असा साहेबांचा हिशेब. तिशीच्या आतलाच हवा. ज्योतीरामला तीस पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते. शर्यतीच्या आधीच्या रविवारी साहेब जीप घेऊन तिसऱ्या टप्प्याची पाहणी करायला येणार, बरोबर कंपनीचे तीन पगारी गडी येणार, आणि फाट्यापासून चाकणपर्यंत त्यांच्या चाकाला चाक लावून जो टिकेल तो सोळा आण्यांनी आत. शर्यतीच्या मोसमात शर्यत, एरवी कंपनीच्या गोदामात काम. लोकांच्या दृष्टीनं ती पाहणी होती. ज्योतीरामच्या दृष्टीनं शर्यत तीच. पुढचे चार टप्पे कोण जिंकतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

“तात्या, ह्येच्यात न्हाई झालं, तर मी मुंबईला गोदीत जातो हमालीला,” तो मला म्हणाला. “ताईच्या दारात आता तोंड दाखवायला न्हाई माझ्याकडं.”

“आधी सायकल नीट चालव,” मी म्हणालो. मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. सायकलच्या शर्यतीत माणूस एकटा पळत नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ टेकवून राहायचं. वारा पुढचा खातो, आपण त्याच्या आडोशाला. आळीपाळीनं पुढे यायचं. असा चार-पाच जणांचा जथा जातो त्या वेगानं एकट्या माणसाला जाताच येत नाही, मग तो भीम का असेना. एकदा चाक सुटलं की सुटलं. आमच्या गावात हे युनूस, वजीर, ज्योतीराम आणि मी सोडून कोणाला कळत नव्हतं. बाकीच्यांचा समज असा, की मागे राहिला तर राहिला, दोन पायडल जास्त मारले की गाठेल.

दुसरी गोष्ट पंपाची. वाटेत पंक्चर झालं तर ज्याचं त्यानं काढायचं, जीप थांबणार नाही, असा साहेबांचा नियम होता. पंप लोखंडी, जड. दोघांनी दोन ओझी कशाला वाहायची, म्हणून रोजच्याप्रमाणे एकच घ्यायचा, तो वजीरच्या दांडीला. एकाचं चाक बसलं तर दुसऱ्यानं थांबायचं. युनूस म्हणाला, “त्या दिवशी तरी दोन घ्या.” वजीरनं त्यालाच झापलं. “तुला वजन कळतं का? तू गल्ल्यावर बस.”

रविवारी सकाळी फाट्यावर जीप आली. साहेब टापटीप, डोळ्यांना काळा चष्मा. तीन पगारी गडी एकसारख्या निळ्या बनियनमध्ये, पोटऱ्यांना तेल चोळलेलं, आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. इकडचे पाच जण आले होते. रस्ता दाखवायला आणि पुढे वर्णन लिहायला सोयीचं म्हणून साहेबांनी मला जीपमध्ये मागे बसवलं. सायकली पुढे, जीप मागे.

दापोडीचे दोघं आणि सांगवीचा एक भोसरीच्या अलीकडेच गळाले. मला त्यांचं वाईट वाटलं नाही, ते चहा पिऊन मजा बघायला आल्यासारखेच आले होते. ज्योतीराम आणि वजीर मात्र तिघांच्या मागे असे चिकटले होते की पाचही जणांवर एकच चादर घालावी. साहेब पुढे वाकून बघत होते. “तो भांगवाला चांगला आहे,” ते ड्रायव्हरला म्हणाले. मग थोड्या वेळानं, “आणि तो काळासावळाही बरा आहे. दोघंही टिकले तर पंचाईत होईल.” मी मागे बसून हे ऐकलं. मी देवाला फारसा मानत नाही, पण मनात म्हणालो, एवढी एक पंचाईत होऊ दे.

भोसरीच्या वेशीपाशी रस्त्यावर माणसंच माणसं दिसली.

भोसरी म्हणजे कुस्तीचं गाव. त्या गावातला पैलवान बाहेरगावच्या फडाला निघाला की त्याला घरच्या बाईनं ओवाळायचं, आणि मोठी कुस्ती असली तर पाच सवाशिणींनी. पाचही जणींचं झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. अर्धं ओवाळणं सोडून गेला तर त्याचं हाड मोडतं, असा पक्का समज. ज्योतीराम पहाटेच कासारवाडीला निघून आला होता, कुसुमताईला ओवाळता आलं नव्हतं. म्हणून तिनं रस्त्यात गाठायचं ठरवलं. भाऊ कंपनीच्या साहेबासमोर उतरणार, यापेक्षा मोठी कुस्ती कोणती? सगळी आळी उठून रस्त्यावर आली होती. एक हलगीवालाही आणला होता.

तिघं पगारी गडी गर्दीतून सुळकन निघून गेले, त्यांच्या मागे वजीर. आणि ज्योतीरामच्या समोर कुसुमताई आली. नवं लुगडं, हातात ताट, ताटात निरांजन. वाऱ्यानं विझू नये म्हणून तिनं पदराचा आडोसा धरला होता. ती हसत होती.

“ज्योत्या, पुढं हो! थांबू नको!” मी जीपमधून ओरडलो. हलगी वाजत होती. पण त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे ऐकू गेलं. त्यानं बहिणीकडे बघितलं. तिच्या बाजूनं जायला वाट होती, एक सायकल सहज गेली असती. एवढंच करायचं होतं. पण ज्या बाईनं त्याला अंगाखांद्यावर खेळवून वाढवलं ती सगळ्या गावासमोर ताट घेऊन उभी असताना तिला ओलांडून जायचं, हे त्या माणसाच्या हाडात नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर? ते मला विचारू नका. त्यानं एक पाय खाली टेकला.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवून जीप गर्दीतून काढली. “ही काय भानगड?” साहेबांनी विचारलं.

“ओवाळतायत, साहेब. त्याची बहीण आहे.”

“आत्ता?”

मी मागे वळून पाहिलं तर कुसुमताईचं झालं होतं आणि दुसरी बाई ताट हातात घेत होती. अजून तिघी बाकी होत्या. कोणीतरी त्याच्या तोंडात गूळ घातला. मला इतका संताप आला की त्या हलगीवाल्याला उतरून बडवावं असं वाटलं. प्रेम करायलाही काही वेळ-काळ असतो की नाही?

पुढे रस्ता मोकळा होता. वजीर तिघांच्या मागे आरामात बसला होता. त्यानं एकदा मागे पाहिलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा पाहिलं. मागे ज्योतीराम नाही. गर्दी होती तेव्हा तो पुढे होता, त्याला वाटलं असणार, बघ्यांचा तमाशा, आणि त्या गडबडीत ज्योतीरामचं चाक बसलं. मला दिसत होतं, त्याचे पाय मंदावले. एकदा त्यानं पुन्हा जोर केला, तिघांना गाठलं. मग परत मान वळवली. आणि ताठ बसला, आणि थांबला.

आम्ही त्याच्या जवळून गेलो तेव्हा तो बाभळीखाली उभा राहून दांडीचा पंप सोडत होता. मी हातवारे केले, ओरडलो, “अरे चल! काही झालेलं नाही!” जीपच्या घरघरीत त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. तो पंप वर करून ओरडला, “माझ्याकडं हाय!”

“आता हा का थांबला?” साहेब म्हणाले.

“त्याच्याकडे पंप आहे, साहेब. जोडीदाराचं पंक्चर झालं असं वाटलं त्याला. साहेब, जरा जीप थांबवली तर मी त्याला सांगतो.”

“थांबणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं,” साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. “एकाला बहीण थांबवते, एकाला दोस्त. असली माणसं शर्यतीत चालत नाहीत, उद्धवराव. जागा रिकामी राहिली तरी चालेल.”

मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, चढ आला. तिघं निळे बनियनवाले चढावर सुद्धा गप्पा मारत चालले होते. चाकणच्या बाजारात साहेबांनी मला उतरवलं आणि ते तसेच खेडकडे पुढच्या रस्त्याची पाहणी करायला निघून गेले. जाताना माझे आभार मानले, ते एक बरं.

मी हॉटेलच्या बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं दोघं आले. शर्यतीत येतात तसे नाही, बाजाराला येतात तसे, शेजारी शेजारी. जीप नाही हे दोघांनी बघितलं, आणि विचारायचं काही उरलं नाही.

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. ज्योतीरामला म्हणणारच होतो, की पाच बायकांपुढे उभा राहिलास, आता बस ओवाळून घेत. तेवढ्यात वजीर मध्ये पडला. “पंक्चर झालं तात्या, पंक्चर. मोशीच्या अलीकडं.” आणि माझा दंड त्यानं घट्ट धरला. ज्योतीराम खाली बघत होता. कपाळ पुसलेलं होतं. पण भुवईत तांदळाचा एक दाणा अडकला होता, त्याला कुंकवाचा रंग. तो हौदावर तोंड धुवायला गेला.

“मी सगळं बघितलं,” वजीर हळू आवाजात म्हणाला. “मी पंप घेऊन उभा. तो आला वळणावर. मला बघितलं आन तिथंच थांबला. कपाळावरचं कुंकू पुसलं बाहीनं, तवाच मला कळलं, ताईनं ववाळलं. मग खाली वाकला आन चाकाची हवा सोडली. मी सायकलवाला हाय, तात्या. मला इतक्या लांबूनबी कळतं. मग आला चालत, म्हणाला, वजीर, चाक बसलं रे. मी काय बोलू? मी हवा भरली.”

“अरे, मग थोबाडीत का नाही मारलीस?”

“मारणार हुतो.” वजीरचे डोळे लाल झाले होते, आणि तेल लावलेला भांग साफ विस्कटला होता. “जागा माझी हुती, तात्या. आज माझे पाय असे चालले हुते की पुन्हा कधी चालायचे न्हाईत. त्यानं खरं सांगितलं असतं ना, की ताईनं थांबवलं, तर दोन शिव्या देऊन सोडला असता. खोटं कशाला बोलायचं माझ्याशी? आता म्या त्याच्यासंगं सायकल चालवणार न्हाई. पण बोलणारबी न्हाई. मेलेल्याला काय मारायचं?”

परत येताना मला वजीरनं मागे बसवलं.  ओढ्याच्या पुलावर ज्योतीराम एकदा म्हणाला, “वजीर, तू थांबायला नगं हुतंस.” वजीर पायडल मारत राहिला.

भोसरीत कुसुमताई दारातच उभी होती. आजूबाजूच्या बायका होत्याच. भावाचा चेहरा बघून तिला कळलं, तरी तिनं विचारलं.

“मिळाली का रं?”

ज्योतीराम सायकल भिंतीला लावायला लागला. ती नीट टेकत नव्हती, की तो टेकू देत नव्हता, देव जाणे. शेवटी वजीर म्हणाला, “पंक्चर झालं, ताई.”

“पंक्चर? म्या तर पाच जणींनी ववाळून धाडला त्याला.” तिला खरंच समजत नव्हतं. मग तिची नजर वजीरच्या सायकलकडे गेली, दांडीकडे. “पंप तुझ्याकडंच असतो न्हवं? मग तू थांबला न्हाईस व्हय?”

वजीरनं ज्योतीरामकडे बघितलं. मीही बघितलं. सगळ्या बायकाही बघत होत्या. एक शब्द पुरला असता. ज्योतीराम भिंतीकडे तोंड करून सायकलचा ब्रेक चाचपत होता. माझ्यानं राहवेना, मी तोंड उघडलं, तर वजीरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते परत मिटलं.

“चुकलं, ताई,” तो म्हणाला.

“जागेसाठी दोस्ताला रस्त्यात टाकून गेलास,” कुसुमताई म्हणाली. “आरं, पोटचं लेकरू समजून जेवायला वाढलं म्या तुला ह्या घरात. जा बाबा. मिळाली असंल तुला, सुखानं खा.”

वजीरनं मान हलवली, जणू मिळालीच होती. ज्योतीराम तरीही बोलला नाही. कुसुमताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आतून तांब्या आणून त्याच्या पायावर पाणी घातलं आणि जेवायला चल म्हणाली. मलाही म्हणाली. वजीर उन्हात तसाच उभा होता. त्याला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.